खिडकीमागचा संवादही शिकवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीतला, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यावरचा लेख वाचला. डीबगर (प्रोग्रॅम मध्येच थांबवून आतून तपासण्याचं साधन) कसा चालवावा, लॉग (प्रोग्रॅमने लिहून ठेवलेल्या नोंदी) कसा वाचावा, हे त्यात नीट सांगितलं आहे. मात्र पडद्यावर खिडक्या उघडणाऱ्या प्रोग्रॅमांच्या बाबतीत एक अख्खी वाट लेखातून सुटली आहे, आणि ती नेहमीच सुटते, म्हणून हे पत्र. प्रोग्रॅम आणि डिस्प्ले सर्व्हर (पडदा, कळफलक आणि माउस सांभाळणारा वेगळा प्रोग्रॅम) यांच्यात जे बोलणं चालतं, ते मध्ये बसून शब्दन्‌शब्द ऐकता येतं. मी 19 वर्षं अशा प्रोग्रॅमांची देखभाल करते आहे. त्यातली पहिली सहा वर्षं मला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

लिनक्स आणि इतर युनिक्स यंत्रणांवर प्रोग्रॅम सहसा स्वतः पडद्याला हात लावत नाही. तो डिस्प्ले सर्व्हरला विनंत्या पाठवतो. एमआयटीत 1984 साली सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमची, थोडक्यात एक्सची, ही रचना. तिची अकरावी आवृत्ती 1987 साली आली आणि तीच आजही वापरात आहे. प्रत्येक विनंतीच्या पहिल्या बाइटमध्ये तिच्या प्रकाराचा क्रमांक असतो: खिडकी तयार कर म्हणजे 1, ती पडद्यावर दाखव म्हणजे 8. सर्व्हरकडून उलट येतात ती उत्तरं, इव्हेंट (कळ दाबली, माउस हलला, खिडकीचा झाकलेला भाग उघडा पडला) आणि एरर. सगळं इतकं काटेकोर ठरलेलं आहे, की मध्ये बसणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही. त्याला नुसतं वाचायचं असतं.

आमचा एक आराखडे काढण्याचा प्रोग्रॅम होता. वापरणाऱ्यांची तक्रार अशी, की तो मधूनच बंद पडतो आणि न साठवलेलं काम जातं. टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) मागे एकच एरर राहायची: 'बॅडविंडो', म्हणजे अस्तित्वात नसलेल्या खिडकीबद्दल काहीतरी मागितलं. यावर आमचे तीन आठवडे गेले. एक्समध्ये बहुतेक विनंत्या पाठवून प्रोग्रॅम उत्तराची वाट न बघता पुढे जातो. विनंत्या आधी बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठतात, मग एकगठ्ठा रवाना होतात. एरर परत येते तेव्हा प्रोग्रॅम भलत्याच कामात असतो, आणि डीबगर ज्या फंक्शनकडे बोट दाखवतो ते निर्दोष असतं. प्रत्येक विनंतीनंतर सर्व्हरसाठी थांबायला लावणारी सिंक्रोनस पद्धत असते. तीही लावून पाहिली. मग चूक यायचीच बंद झाली, कारण वेळेचं सगळं गणितच बदललं.

शेवटी आमच्याकडे नव्यानेच रुजू झालेल्या एका मुलीने एक्सट्रेस लावला. हे साधन स्वतःच एक डिस्प्ले असल्याचं भासवतं, समजा 9 क्रमांकाचा. 'डिस्प्ले' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला सुरू होताना मिळणारी सेटिंग) बदललं की प्रोग्रॅम त्याच्याशी जोडला जातो. एक्सट्रेस त्याचं बोलणं खऱ्या, 0 क्रमांकाच्या डिस्प्लेकडे पोचवतो, तिकडून येणारं परत देतो, आणि जाता-येता प्रत्येक निरोप माणसाला वाचता येईल असा लिहून ठेवतो. एक्सस्कोप हे याच जातीचं आणखी जुनं साधन. प्रोग्रॅमचा सोर्स कोड हाताशी नसला तरी दोन्ही चालतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रोग्रॅम पुन्हा मेला. आम्ही दोघींनी ती फाइल खालून वर वाचायला घेतली. शेवटी बॅडविंडो, तिच्याबरोबर चुकलेल्या विनंतीचा अनुक्रमांक. तो धरून वर गेलो तर 18 क्रमांकाची विनंती सापडली: अमुक खिडकीवर अमुक प्रॉपर्टी (खिडकीला जोडलेली माहिती) ठेव. तिच्या जरा वर एक इव्हेंट होता. दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅमने आमच्याकडून कॉपी केलेला मजकूर मागितला होता. आम्ही तो त्याच्या खिडकीवर ठेवायला निघालो आणि तेवढ्या क्षणात ती खिडकीच नाहीशी झाली होती. जोडणीच्या वेळी सर्व्हर प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या खिडक्या वगैरेंसाठी ओळखक्रमांकांचा स्वतंत्र पट्टा नेमून देतो. तोही फाइलच्या सुरुवातीला लिहिलेला होता, आणि एररमधला खिडकीचा क्रमांक आमच्या पट्ट्यातला नव्हताच. खरं तर हा क्रमांक आणि तो 18 हा आकडा टर्मिनलवर पहिल्या दिवसापासून छापून येत होते. पण ती विनंती प्रोग्रॅममध्ये कितीतरी ठिकाणांहून जाते, आणि आम्ही तीन आठवडे आमच्याच खिडक्या तपासत होतो. अशी एरर आली की एक्सलिब, म्हणजे प्रोग्रॅम जिच्यामार्फत एक्सशी बोलतो ती लायब्ररी, दुसरं काही सांगितलं नसेल तर, प्रोग्रॅम बंदच करते. त्या एका जागी एरर पकडून सोडून दिली, दुरुस्ती 11 ओळींत आटोपली.

प्रोग्रॅम दूरच्या यंत्रावरून चालवला की उघडायला वेळ का लागतो, तेही अशाच नोंदीत दिसतं. सर्व्हरला एकेका नावाचा क्रमांक विचारायचा, उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा विचारायचा, अशी 200 नावं असली आणि एका फेरीला 40 मिलिसेकंद लागत असले, तर 8 सेकंद नुसते वाट बघण्यात जातात. सगळे प्रश्न आधी पाठवून उत्तरं मागाहून गोळा केली की तो वेळ जवळपास संपतो.

या साधनांना सगळंच दिसतं असं नाही. शेअर्ड मेमरीतून (प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्या सामाईक मेमरीतून) दिलेल्या चित्रांचे पिक्सेल आणि थेट ग्राफिक्स कार्डाकडून रेखाटून घेतलेलं चित्र या नोंदीत येत नाही. एक्सच्या जागी वेलँड ही 2008 साली सुरू झालेली नवी पद्धत वापरात आली, तेव्हा आता हे सगळं कालबाह्य झालं असंही मला ऐकवलं गेलं. ते खरं नाही. वेलँडच्या लायब्ररीत ही सोय मुळातच आहे. 'वेलँड डीबग' हे व्हेरिएबल 1 केलं की प्रत्येक निरोप वेळेसकट टर्मिनलवर उमटतो.

एका गोष्टीची मात्र मला मनापासून काळजी वाटते. अशा नोंदीत दाबलेली प्रत्येक कळ असते. ती अक्षर म्हणून नव्हे, कळीच्या क्रमांकाच्या रूपात असते, पण त्यावरून पासवर्ड जुळवणं अवघड नाही. कॉपी केलेला मजकूरही त्यात जसाच्या तसा येऊ शकतो. तक्रारीबरोबर अशी फाइल पाठवा असं वापरणाऱ्यांना सांगितलं जातं, तेव्हा हे कोणी बोलत नाही. नोंद सुरू असताना पासवर्ड टाइप करू नका आणि फाइल आपल्या डोळ्यांखालून घातल्याशिवाय कोणाला देऊ नका, एवढं तरी प्रत्येकाला सांगायलाच हवं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना ग्राफिकल लायब्ररीतली फंक्शनं पाठ असतात. बटण कसं बनवायचं ते त्यांना येतं. ते बटण पडद्यावर येण्याआधी सर्व्हरशी काय बोलणं झालं, हे मात्र त्यांनी एकदाही पाहिलेलं नसतं. प्रयोगाच्या एका तासात हे दाखवता येतं. रिकामी खिडकी उघडणारा छोटा प्रोग्रॅम घ्यावा, एक्सट्रेसमधून चालवावा आणि आलेली नोंद मुलांकडून ओळीओळीने वाचून घ्यावी.

आपल्या पुरवणीने अशी एखादी खरी नोंद मराठी टिपांसह छापावी, ही विनंती. दहा ओळी पुरतील. आपली तयारी असेल तर मी त्या लिहून देईन.

आपली,
एक नियमित वाचक