चि. मनीस: आधी नेक, मग बॉडी

सांगली

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या इलेक्ट्रिक गिटारचा आराखडा आणि सामानाची यादी पाहिली. बॉडीचं चित्र सुरेख आलंय, पण ते तू सगळ्यात आधी काढलंस तिथेच घोळ आहे. बॉडी कापून झाल्यावर तिला नेक, म्हणजे डाव्या हातात धरायचा दांडा, जुळवायला गेलं की इकडे एक मिलिमीटर, तिकडे दोन, असं होत होत शेवटी पातळ ई तार फ्रेटबोर्डच्या (नेकवरच्या बोटं दाबायच्या पट्टीच्या) काठावरून खाली घसरायला लागते. म्हणून आधी नेक कर. तो हातात आला की त्याच्या बुडाच्या मापाची खोबण, खोबणीला धरून मध्यरेषा, मध्यरेषेवर ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो), आणि या सगळ्याभोवती तुला हवा तो आकार.

ढाचा टेलिकास्टर गिटारचा घे. लिओ फेंडरने १९५० साली ती ब्रॉडकास्टर या नावाने आणली, १९५१पासून ती टेलिकास्टर झाली. कारखान्यात भराभर करता यावी अशीच ती आखलेली आहे: सपाट फळी, चार स्क्रूंनी आवळलेला नेक, आणि नेकच्याच फळीतून निघालेला सरळ हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक. तुझ्या मैत्रिणीने सुचवलेल्या लेस पॉल गिटारचा नेक चिकटवलेला आणि मागे कललेला असतो. तो कोन एक अंश चुकला तर ब्रिजपाशी चार-पाच मिलिमीटरचा फरक पडतो, आणि चिकटवल्यावर दुरुस्ती नाही. स्क्रूचा नेक दहा वेळा काढून बसवता येतो. पहिल्या खेपेला हेच हवं.

लाकडाचं बोलू. यादीत तू बॉडीलाही साग लिहिलायस. सागाची बॉडी पावणेतीन किलोच्या घरात जाईल, शिवणीची दोन-सव्वादोन. दोन तास उभं राहून वाजवल्यावर खांद्याला तो फरक कळतो. शिवण नाही मिळाली तर तून बघ. सतारीला तेच वापरतात, त्यामुळे मिरजेत चौकशी केलीस तर वाळलेली फळी मिळू शकेल. रंधून ४५ मिमी जाडी उरेल अशी, ४५० × ३४० मिमीची फळी लागेल. एवढी रुंद अखंड मिळत नाही, तेव्हा दोन तुकडे मधोमध जोड. नेकला मात्र साग उत्तम, कारण हवामान बदललं तरी तो फारसा हलत नाही. फ्रेटबोर्डला शिसव.

वखारवाला ‘वाळलेलं आहे’ म्हणेलच. फळी घरी आणून वजन करायचं, पाटीवर तारखेसकट लिहायचं आणि दर आठवड्याला पुन्हा तोलायचं. तीन आठवडे आकडा हलला नाही तर ती वाळली असं समज. फळ्या आत्ताच आणून ठेवते, म्हणजे मेमध्ये तू येईपर्यंत त्या तयार असतील. चिकटवाचिकटवी पावसाआधी संपायला हवी. पावसाळ्यात ओल धरलेल्या लाकडाचा फ्रेटबोर्ड केला की डिसेंबरात तो आक्रसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात.

आता नेक. यात कामाचा क्रमच सगळ्यात महत्त्वाचा. सागाची ७०० × ७५ × १९ मिमी पट्टी घे, कडा सरळ, गुण्यात. तिची बाजू बघ: लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर जायला हव्यात. मध्येच तिरक्या बाहेर पडत असतील तर नेक तिथेच मोडतो. ट्रस रॉडची (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीची) खाच पट्टी चौकोनी असतानाच पाड, कारण राउटरचा (खाचा कोरायच्या यंत्राचा) गाइड सरळ कडेवरच चालतो. आधी निमुळती कापलीस तर गाइड टेकवायला कड राहणार नाही. रॉड दोन्ही बाजूंना काम करणारा घे, ४६० मिमीचा. खाच ६ मिमी रुंद आणि रॉडच्या मापाने ९ ते १० मिमी खोल, एका खेपेला ३ मिमीपेक्षा जास्त नाही. रॉड बोटाने दाबून बसावा. सैल राहिला तर वाजवताना आतून खुळखुळतो. अशा वेळी दोन-तीन ठिकाणी सिलिकॉनचे ठिपके दे.

मग निमुळतं कर: नटपाशी (हेडस्टॉककडे तारा टेकतात त्या पट्टीपाशी) ४२ मिमी, बुडाशी ५६. फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, बसवायच्या फ्रेटबोर्डाच्या खाचा घरी पाडायचा हट्ट सोड, खाचा पाडलेला बोर्ड विकत घे. हिशोब अवघड नाही. ६४८ मिमी स्केलला (नट ते ब्रिज तारेच्या लांबीला) १७.८१७ने भाग, ३६.३७ आले, तो पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ने भाग, तो दुसरा. पाचवा १६२.५५वर, सातवा २१५.५१वर, बारावा बरोबर मध्ये ३२४वर. अडचण करवतीची आहे. खाच ०.६ मिमीच्या आसपास लागते, आपल्या साध्या करवती त्याच्या दुप्पट रुंद कापतात, आणि मग फ्रेट नुसताच आत पडतो, धरत नाही. शिवाय बाराव्या फ्रेटला १ मिमी चूक म्हणजे पाच सेंटची चूक, बाविसाव्याला नऊ-साडेनऊची. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. नऊ सेंट तुझ्या कानाला बोचतील. विकतचा बोर्ड आल्यावरही बारावा फ्रेट ३२४वर आहे ना ते पट्टीने बघ, स्केल भलतीच निघू शकते.

बोर्ड चिकटवताना तो घसरतो. फेविकॉल लावून क्लँप आवळला की ओला बोर्ड हळूच एका बाजूला सरकतो, आणि सकाळी बघावं तर दीड मिलिमीटर वाकडा. म्हणून कोरडा असतानाच तो नीट जागेवर धर, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटच्या खाचेत दोन-दोन बारीक भोकं पाड आणि त्यांत डोकं कापलेल्या टाचण्या ठोक. त्यांनी बोर्ड अडतो, आणि फ्रेट बसला की भोकं दिसत नाहीत. रॉडवर कागदी चिकटपट्टी लाव, सगळीकडे पातळ गोंद फासून झाला की ती पट्टी ओढून काढ. गोंद रॉडमध्ये गेला तर रॉड कायमचा जाम. साग आणि शिसव दोन्ही तेलकट, तेव्हा गोंद लावण्याच्या पाच मिनिटं आधी ॲसिटोनने पूस. क्लँप सहा-सात लागतील. चोवीस तास हात लावायचा नाही.

पाठ कोरताना एवढा हिशोब डोक्यात ठेव. पहिल्या फ्रेटपाशी एकूण जाडी २१ मिमी हवी. त्यातले ६ बोर्डचे, राहिले १५, त्यातले साडेनऊ खाचेने खाल्ले. पाठीला उरलं साडेपाच मिलिमीटर लाकूड. खरखरीत कानशीने काम झपाट्याने होतं, आणि झपाट्यातच रॉड उघडा पडतो. दर काही मिनिटांनी कॅलिपर लाव. बाराव्या फ्रेटपाशी २३ ठेव. हेडस्टॉक वरून उतरवून १४-१५ मिमी कर.

फ्रेटची तार दीड मीटर घे. २२ फ्रेट, प्रत्येकी सहा सेंटिमीटर. तारेला बोर्डच्या गोलाईपेक्षा थोडा जास्त बाक दे. ठोकताना आधी दोन्ही टोकं, मग मध्य. बाक सपाट होताना टोकं बाहेरच्या बाजूला रेटली जातात आणि खाचेत घट्ट रुततात. मधून सुरुवात केलीस तर टोकं उचललेली राहतात. हातोडी प्लास्टिकच्या किंवा पितळी तोंडाची हवी, लोखंडी नको, खळगे पडतात. मग रॉड फिरवून नेक सरळ कर, फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करची रेघ ओढ आणि सपाट पट्टीला ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून लांबीने घास. सगळ्या माथ्यांवरची शाई जरा जरा गेली की थांब. एखाद्यावर शाई राहिली म्हणजे तो खाली आहे, घासत बसू नको. आधी तो नीट बसलाय का बघ. शेवटी कानशीने माथे पुन्हा गोल कर.

बॉडीचं थोडक्यात. मध्यरेषा गडद काढ, पुसू देऊ नको. खोबणीचा साचा तयार नेकभोवती प्लायच्या पट्ट्या लावूनच बनव. विकतचा साचा तुझ्या नेकला ओळखत नाही. खोबण १६ मिमी खोल. बूड २५ मिमीचं आहे, म्हणजे बोर्ड बॉडीच्या वर ९ मिमी राहील, टेलिकास्टरच्या ब्रिजला तेवढंच लागतं. स्क्रू न लावता नेक धरून उचलल्यावर बॉडी लटकत राहिली पाहिजे. बाहेरचा आकार जिगसॉने २ मिमी बाहेरून काप आणि उरलेलं राउटरला दे. शिंगांच्या टोकाशी रेषा उलट फिरतात, तिथे राउटर लाकडाचा ढलपाच उडवतो. त्या जागी एका वेळी अर्धा मिलिमीटर घे किंवा सरळ हाताने घास. चष्मा आणि मास्क लावल्याशिवाय राउटरचं बटण दाबायचं नाही. यावर वाद नको.

नेकच्या स्क्रूंचं एक नेहमी चुकतं. ४५ मिमी लांबीचे स्क्रू, बॉडीतलं भोक ४.५ मिमीचं आरपार मोकळं, नेकमधलं ३ मिमीचं. बॉडीतही स्क्रूने पीळ पकडला तर कितीही आवळ, नेक आणि बॉडीमध्ये फट राहते. स्क्रूला मेणबत्ती घास, सागात तो तुटत नाही.

आता ब्रिज. घाई करू नकोस. ६४८ मिमी मोजायचे ते नटच्या फ्रेटकडच्या काठापासून. नटच्या मध्यापासून मोजलेस तर सगळी गिटार बेसूर. त्या रेषेवर पातळ ई तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तार टेकायचा सरकता तुकडा) यायला हवं, तेही जवळजवळ पूर्ण पुढे ओढलेलं. बाकी तारांना मागे सरकायला जागा लागते. जाड ई तार चार-पाच मिलिमीटर मागे जाते, कारण जाड तार दाबली की जास्त चढते. भोकं पाडण्याआधी नेक स्क्रूंनी बसव, ब्रिज नुसता चिकटपट्टीने ठेव आणि दोन्ही टोकाच्या सॅडलपासून नटपर्यंत दोन शिवणाचे दोरे ताण. शेवटच्या फ्रेटपाशी उभी राहून वरून बघ. दोऱ्यापासून बोर्डच्या काठापर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं, साधारण ३ मिमी हवं. एकीकडे दोन आणि दुसरीकडे चार दिसलं तर ब्रिज साधारण दीड मिलिमीटर सरकव. रात्री जुळवलंस तर दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा बघ, मगच ड्रिल.

रंगाचा फार विचार करू नको. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये पातळ, रव्याच्या खिरीसारखं नाही, सरबतासारखं. दमट हवेत ते पांढरं पडतं. खोबणीच्या आत पॉलिश लागू देऊ नको.

वायरिंगचं सामान तुझ्याकडून येऊ दे. पुण्यात तपकीर गल्ली जवळ आहे. दोन सिंगल कॉइल, म्हणजे एका वेटोळ्याचे, पिकअप (तारांचा आवाज टिपतात ते; गुंडाळण्याच्या भानगडीत पडू नको, केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात), २५० किलोओहमचे दोन लॉगरिदमिक पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करायचे), ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तीन जागांचा स्विच, मोनो जॅक. तुझ्या यादीत ५०० किलोओहम आहेत, ते हंबकरला, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपला. सिंगल कॉइलला लावले तर आवाज टोचरा होतो. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची पुरणार नाही. पॉटची पाठ उष्णता शोषून घेते, टाका वरवर गोळा होऊन बसतो आणि महिन्याने सुटतो. ६० वॅटची घे, पाठ पॉलिश पेपरने खरवड, तीन सेकंदांत टाका मारून बाजूला हो. ब्रिजखाली एक उघडी तार दाबून ती पॉटच्या पाठीला जोड.

जोडून झालं की तारा लावण्याआधी ॲम्प्लिफायर बारीक ठेवून पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने टकटक कर. तारा लावल्यावर घुंई येतेय आणि हात लावला की कमी होते, तर ठीक. हात लावून काहीच फरक नाही म्हणजे ब्रिजखालची तार टेकलेली नाही. हात लावल्यावर वाढते म्हणजे जॅकच्या दोन तारा उलट. दोन्ही पिकअप एकदम चालू केल्यावर आवाज पोकळ, नाकातला येत असेल तर एका पिकअपच्या तारा आपसात बदल. नेककडच्या पिकअपला धातूचं आवरण असेल तर त्याचा अर्थिंग आधी वेगळा काढ.

तारा १०-४६ जाडीच्या लाव. सूर लावल्यावर नेकवर सुमारे ४५ किलोचा ताण येतो, तेव्हा लगेच काही ठरवू नको, रात्रभर राहू दे. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्याशी ०.२ मिमी फट ठेव. जास्त असेल तर रॉड आवळ, एका वेळी अष्टमांश फेरा. मग सॅडलची उंची: बाराव्या फ्रेटवर पातळ तार १.६, जाड २ मिमी. मग नटच्या खाचा: तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावर पहिल्याशी केसाएवढी फट राहावी. सूर शेवटी: बाराव्यावर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. जुलैत बोर्ड फुगून नेक मागे वाकला आणि तारा खरखरल्या तर घाबरू नको, सॅडल न वाढवता रॉड थोडा सैल कर.

जेवण वेळेवर घेत जा.

तुझी
आई

ता. क. रॉडची चावी ४ मिमीची की ५ची ते बघून विकत आण. आपल्या डब्यातल्या सगळ्या चाव्या इंचातल्या आहेत, त्यांनी रॉडच्या नटचे कोपरे गोल होतात.