‘बांधलं’ की ‘बांधून घेतलं’?

नॅचेझचं लाँगवुड समजावून देणाऱ्या वास्तुविशारद ताईंना,

स. न. वि. वि.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या त्या अष्टकोनी घराचा कांद्यासारखा घुमट पाहूनच बहुतेकांचं समाधान होतं. तुम्ही आम्हाला गिलावा न झालेल्या मजल्यावर थांबवून ठेवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पुऱ्या झालेल्या हवेलीत भिंतीआड जाणाऱ्या विटा आणि लाकडं इथे उघडी आहेत.

अष्टकोनच का, हे तुम्ही हिशेबानं पटवलंत. भिंतीची एकूण लांबी तेवढीच ठेवली, तर चौकोनापेक्षा अष्टकोनात सुमारे 20 टक्के जास्त जागा मावते. पण आतल्या खोल्या चौकोनी ठेवल्या की मध्ये तिरपे कोपरे उरतात, आणि तिथे कपाटं काढण्यावाचून गत्यंतर नसतं. (फर्निचर लावणाऱ्याचं मत कुणी विचारलं नसावं.)

मधली पोकळी तर नकाशातली सगळ्यात हुशार गोष्ट. तापलेली हवा तिच्यातून वर चढून घुमटाखालच्या खिडक्यांवाटे बाहेर पडावी, म्हणजे खालून गार हवा ओढली जाईल. आणि आरशांनी ऊन खालपर्यंत उतरवावं, अशी योजना होती. वाड्याच्या चौकाचं काम इथे छपराखालीच साधायचं होतं. अर्थात आग लागली असती तर हीच पोकळी धुराड्यासारखी पेटली असती, हेही तुम्ही सांगितलंत.

नकाशा फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल स्लोन यांचा. काम 1860 मध्ये सुरू झालं. 1861 मध्ये अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेकडचे कारागीर हत्यारं टाकून घरी गेले. 32 खोल्यांपैकी सर्वांत खालच्या मजल्यावरच्या 9 तेवढ्या पुऱ्या झाल्या. मालक हॉलर नट 1864 मध्ये वारले; पत्नी ज्युलिया मुलांसह त्या नऊ खोल्यांतच राहिल्या.

विटांमधल्या दरजांबद्दलची तुमची ताकीदही लक्षात आहे. हातानं पाडलेल्या मऊ विटांच्या जुन्या भिंतीत चुन्याऐवजी सिमेंट भरलं, की ओल दरजेतून बाहेर पडत नाही, विटेतून वाट काढते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. दरज शाबूत, वीट गेली.

आणि शेवटचं. आमच्या टिपणात ‘हे घर नट यांनी बांधलं’ असं होतं. विटा तिथेच पाडणारे, भाजणारे, वाहणारे हात गुलाम केलेल्या माणसांचे होते. नट हे कापसाचे मळेवाले, त्यांनी ते बांधून घेतलं. मराठीत यासाठी वेगळं क्रियापद असताना आपण ते वापरत नाही, असं तुम्ही म्हणालात.

वाक्य दुरुस्त केलं आहे.

आपले,
त्या दिवशीचे सर्व सहप्रवासी