बाबा, ओढ्याकाठचं शेत विकू नका

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा बोलता बोलता म्हणाले, "ओढ्याकाठच्या शेताला गिऱ्हाईक आलंय." आईनं लगेच विषय बदलला, पण मला कळायचं ते कळलं. फोनवर मला रडू येतं आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते.

प्राध्यापकाच्या जागेसाठी त्या संस्थेच्या माणसानं सांगितलेला आकडा देऊ नका. शेत विकून तर नकोच. लेक घराजवळ असावी, पगार पक्का असावा, हे तुमचं म्हणणं मी जाणते. पण प्राध्यापक व्हायला लागणारी नेट ही पात्रता परीक्षा मी पास झाले आहे. सेट ही तशीच राज्याची परीक्षा, ज्या राज्याची त्याच राज्यात चालते. नेट कर्नाटकात, आपल्या खानापुरातही चालते आणि महाराष्ट्रात, कोल्हापुरातही. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना हे केवढं मोठं आहे! अभ्यास करून मिळवलेल्या पात्रतेवर वर पैसे मोजले, तर ती जागा मला जन्मभर आपली वाटणार नाही.

आजी दर वेळी विचारते, "अजून शिकूलैस काय गं?" तिला सांगा, पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये होती, आता ४२,००० आहे, आणि पाच वर्षांपलीकडे ती मिळत नाही. पुढचं आत्ताच ठरवायला हवं, आणि मी ते ठरवलं आहे.

बाबा, जांबोटीच्या रानात तुम्ही मला नरक्याचं झाड दाखवलं होतं, आठवतं? रात्री ट्रक भरून तोडून न्यायचे, असं सांगायचात. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. त्यापासून कर्करोगावरची टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं बनतात. हे द्रव्य पहिल्यांदा एका चिनी झाडातून १९६६ साली वेगळं केलं मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी नंदुरबारचे. त्यांचं हे काम अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेत झालं, कॉलेजच्या वर्गात नाही. पीएचडी म्हणजे प्राध्यापकी एवढीच वाट माझ्याही डोक्यात होती, ती त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हा पहिल्यांदा हलली.

गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेतल्या एका संयुगाचा पेटंट अर्ज होता. गाईडनी मला वकिलांबरोबर बसवलं. जगभरची जुनी पेटंटं धुंडाळायची, आपलं खरंच नवं आहे का ते बघायचं, मग तेवढंच नेमक्या शब्दांत मांडायचं. एक शब्द सैल पडला तर हक्क निसटतो. मोजणीच्या वेळी तुम्ही बांधावर उभं राहून हद्दीचा दगड कुठं रोवतात ते टक लावून बघता ना, तसंच काम. तीन आठवडे मी जेवणाची वेळ विसरले. नंतर 'मायआयडीपी' हे करिअरची वाट शोधायचं ऑनलाइन साधन भरून पाहिलं. अमेरिकेत २०१२ साली पीएचडीच्या मुलांसाठी ते निघालं. काय येतं, काय आवडतं, काय महत्त्वाचं वाटतं, हे विचारून ते २० वाटांशी ताडून दाखवतं. मला जे आधीच कळलं होतं, तेच तिथं कागदावर दिसलं.

तर मी पेटंट एजंटची, म्हणजे लोकांच्या शोधांचे पेटंट अर्ज लिहून दाखल करणाऱ्याची, परीक्षा देणार आहे. एक पेपर कायद्याचा, दुसरा अर्ज लिहिण्याचा, मग तोंडी. दोन्ही लेखी पेपरांत ५०-५० टक्के आणि सगळं मिळून ६० टक्के लागतात. विज्ञानाची पदवी पुरते, पीएचडीची अट नाही. "मग इतकी वर्षं कशाला घालवलीस?" असं आई म्हणेल. आई, रसायनांचे दावे वाचताना खोट कुठं आहे ते मला दिसतं, ते या चार वर्षांनी दिलं. परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही, ही एक अडचण आहे. तोवर पेटंट शोधण्याच्या कामावर पगारी नोकरी मिळते. दोन ठिकाणी अर्ज केले आहेत.

आणि हेही ऐका. आपल्या रानातल्या वनस्पतीवर आधारलेल्या शोधाला पेटंट घ्यायचं तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे चेन्नईच्या जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं, परदेशी असेल तर परवानगीसाठी, आपल्या देशातला असेल तर नोंदणीसाठी. खानापूरच्या जंगलातलं काही कुणी नेत असेल, तर तो कागद वाचू शकणारं माणूस आपल्यातलं असावं, असं मला मनापासून वाटतं. पेटंटचे अर्ज ऑनलाइन भरतात. नाव झाल्यावर बेळगावात बसूनही हे काम करता येईल. घराजवळ यायचंच आहे मला, बाबा, फक्त थोडं उशिरा.

त्या माणसाला नाही म्हणायला तुम्हाला अवघड जात असेल, तर थांबा. गणपतीला येते, आपण दोघं जाऊ. मी खानापूरला उतरेन. बाबा, गाडी घेऊन स्टेशनवर या. घरी जायच्या आधी मला ओढ्याकाठचं भात बघायचंय.

तुमची
लेक