जखम भरली म्हणजे आजार गेला, असे नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लैंगिक आजारांविषयी वृत्तपत्रांतून अधूनमधून जे लेख येतात, त्यांत आजार नवरा-बायकोत किंवा वेश्यावस्तीतच पसरतो असे गृहीत धरलेले असते. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांत जणू राहतच नाहीत. ते राहतात. ते शेती करतात, शाळेत शिकवतात, रेल्वेत नोकरीला असतात, सुरतेला कामाला जाऊन सणासुदीला घरी येतात, आणि घरच्यांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांतील कितीतरी जणांनी लग्नही केलेले असते. तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवताना ही माणसे मला भेटतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दुकानात दुसरे गिऱ्हाईक नाही असे पाहून एखादा तरुण येतो, नजर खाली ठेवून ‘भाऊ, जखमले लावानी ट्यूब द्या ना’ एवढेच म्हणतो. डॉक्टरांची चिठ्ठी विचारली, तर तसाच निघून जातो आणि दुसऱ्या दुकानातून गजकर्णाची स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब घेतो. खरा घात इथेच होतो. सिफिलिसची, म्हणजे जुनी माणसे जिला गरमी म्हणतात तिची, पहिली जखम संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी उठते; ही मुदत 10 ते 90 दिवस अशी कमीजास्त होऊ शकते. ती बहुधा दुखत नाही, आणि गुदद्वाराच्या आत किंवा तोंडात असली तर दिसतही नाही. काहीही उपचार न करता ती तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते, आणि त्याचे श्रेय त्या ट्यूबला, नाहीतर भिंतीवर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ असे रंगवून ठेवणाऱ्या भोंदूला मिळते. जंतू मात्र रक्तात तसेच राहतात. पुढे तळहातांवर आणि तळपायांवर खाज नसलेले पुरळ उठते, ते उष्णतेचे समजून अंगावर काढले जाते, तेही जाते, आणि काही वर्षांनी मेंदू, डोळे किंवा हृदय यांवर परिणाम दिसू लागतात. हे सारे टाळण्यासाठी लागते ती रक्ताची एक साधी तपासणी आणि सुरुवातीच्या अवस्थेत बेन्झाथिन पेनिसिलिनचा 24 लाख युनिटचा एकच डोस, जो डॉक्टरांनी ॲलर्जीची चौकशी करून द्यायचा असतो. जखम नुकतीच उठली असेल तर पहिला अहवाल निर्दोषही येऊ शकतो, म्हणून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. जोडीदाराचे उपचार झाले नाहीत तर तोच आजार पुन्हा होतो.

अशा आजारांवर इलाजाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मनाई आहे. तरीही त्या बसस्थानकाच्या भिंतींवर आणि वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींतही दिसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया या दोन लैंगिक आजारांची गोष्ट आणखी वेगळी आहे. लघवीला जळजळ झाली, पू आला, तर माणूस डॉक्टरांकडे जातो. पण घशात किंवा गुदाशयात झालेला संसर्ग बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही आणि लघवीच्या तपासणीत सापडतही नाही. त्यासाठी त्या जागेचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने नमुना, घ्यावा लागतो, आणि तो घ्यायचा की नाही हे रुग्णाने आपले संबंध कसे आहेत हे सांगितले तरच ठरते. रुग्ण सांगत नाही, कारण डॉक्टर विचारत नाहीत, आणि विचारले तरी बायकोला कळेल, गावात बोभाटा होईल, ही धास्ती असते. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. एचआयव्हीविषयीच्या 2017 च्या कायद्याने तर संमतीशिवाय तपासणी करणे आणि रुग्णाची माहिती फोडणे दोन्हींस बंदी घातली आहे. तेव्हा आमच्या भागातील डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे, की ‘संबंध पुरुषांशी, स्त्रियांशी की दोघांशी?’ हा प्रश्न त्यांनी मधुमेहाची चौकशी करावी तितक्याच सहज आवाजात, नातेवाइकांना बाहेर बसवून विचारावा. गरोदरपणाच्या तपासणीत बायकोचा अहवाल सदोष येतो आणि मगच नवऱ्याला आपला आजार कळतो, ही वेळ कोणत्याच घरावर येऊ नये.

सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, आणि 1097 या मोफत क्रमांकावर नाव न सांगता माहिती विचारता येते. धोक्याचा संबंध आला असेल तर एचआयव्ही रोखणारी औषधे 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. त्यामुळे सुट्टी संपण्याची वाट पाहू नये. संबंधांपूर्वीपासून घेण्याची प्रेप नावाची गोळीही डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळते, पण ती केवळ एचआयव्ही रोखते. गरमी आणि परमा तिला जुमानत नाहीत. काविळीच्या ब प्रकाराची लस प्रौढांनाही घेता येते, आणि ती न घेण्याचे काहीच कारण नाही.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंसाठी थोडेसे. आपल्याकडे कंडोम विकले जातात, पण सोबत पाण्याचा आधार असलेले वंगण बहुतेक दुकानांत ठेवतच नाहीत, आणि मग लोक खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन वापरतात. तेलाने लॅटेक्सचा कंडोम काही मिनिटांतच कमकुवत होऊन फाटतो. गुदाशयाचे अस्तर नाजूक असते आणि तिथे नैसर्गिक ओलावा नसतो, म्हणून हे वंगण या पुरुषांसाठी कंडोमइतकेच गरजेचे आहे. ते काउंटरखाली न लपवता, हाताला येईल असे समोरच्या फळीवर ठेवावे, मागणाऱ्याकडे रोखून पाहू नये, आणि कंडोमचे पाकीट कागदात गुंडाळण्याआधी त्यावरची मुदत संपण्याची तारीख तेवढी तपासून द्यावी.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता,
चाळीसगाव तालुका, जि. जळगाव