या दिवाळीला मी न्यायला येणार नाही

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

कालच शेतात सीतादहीची पूजा केली, आजपासून कापसाची वेचणी. पावसानं खालची बोंडं सडली, वरची बरी आहेत.

फोनवर तू म्हणालीस, "बाबा, न्यायला या." मी हो म्हटलं आणि रात्रभर डोळा लागला नाही. मी येणार नाही बेटा. आधी ऐकून घे, मग रुस.

तुझ्या समुपदेशक ताईंनी मला बसवून जे सांगितलं, त्यातलं अर्धं मला परतताना वर्ध्याच्या स्टँडवर समजलं. ओकारीची एवढी भीती वाटणं हा आजार आहे, त्याला इमेटोफोबिया म्हणतात, आणि तो पोटाचा नाही. आम्ही मात्र पोटच धरून बसलो. सोनोग्राफी झाली, आजीनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मी चार माणसांत "नाटकं करते पोट्टी" म्हणालो. ते माझं चुकलं.

२०१७ चं आपण कधी बोललोच नाही. त्या साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. मीही कपाशी फवारून आलो आणि अंगणात भडाभडा ओकलो. तू दहा वर्षांची. कान दाबून न्हाणीत पळालीस, आतून कडी लावलीस. दवाखान्यातून आल्यावरही दोन दिवस माझ्याजवळ फिरकली नाहीस. पोरीला बापाची किळस आली, हे मी आठ वर्षं मनात धरून होतो. ताईंपुढं बोललो तेव्हा कुठं कळलं, ती किळस नव्हती. भीती तिथून लागली की आधीचीच होती, ते तुलाच ठाऊक.

ताई म्हणाल्या, माणूस घाबरला की पोट ढवळतं. तुला वाटतं आता ओकारी येणार, म्हणून आणखी घाबरतेस, पोट आणखी ढवळतं. घाण्याचा बैल. आणि त्या बैलाला हाकत होतो मी! बस नको म्हणालीस, नागपूरहून मोटारसायकलवर आणलं. पंगत नको, घरी वेगळं ताट वाढलं. उलटीच्या गोळ्यांच्या पट्ट्या मीच आणून दिल्या. "मला नाही ना होणार?" असं तू वीसदा विचारायचीस, मी वीसदा "नाही" म्हणायचो. पाव तास बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

तर आता ताईंच्या वहीप्रमाणं चालू. ओकारीला तू 'ते' म्हणतेस ना, तो खरा शब्द आधी लिहायचा, मग मोठ्यानं म्हणायचा. नंतर चित्र, आवाज, व्हिडिओ. खुर्चीवर गरगर फिरून डोकं गरगरू द्यायचं आणि तोंडात पुदिन्याची गोळी न टाकता बसून राहायचं. भीती आपसूक ओसरू द्यायची, मधेच उठायचं नाही. खरोखर ओकायला कोणी लावत नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. मनाच्या डॉक्टरांनी जोडीला औषध दिलं तर घे, पण वही सोडू नको.

बसचंही तसंच. आधी मैत्रिणीसोबत बुटीबोरीपर्यंत जा आणि परत ये. मग वर्धा. मग घर. पहिल्यांदा खिडकी घे, पुढच्या वेळी नको.

फोनवर तो प्रश्न विचारलास तर मी म्हणेन, "माहीत नाही, आली तर येईल." मला हे जड जाणार आहे. तुझी आई तर म्हणते, तुम्हाला दगडाचं काळीज आहे. रात्री फारच जीव घाबरला तर मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलतात.

यवतमाळच्या स्टँडवर मी उभा असेन. तिथून पुढं मोटारसायकल. आई विचारते, पातोडीचा रस्सा करू का? यंदा ताट सगळ्यांच्या रांगेत आहे.

तुझा,
बाबा

ता. क. मेसचे पैसे टाकले आहेत. बिस्किटांवर दिवस काढू नको.