धारेनंतरचा अर्धा तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूधवाढीवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. चारा, खुराक, खनिज मिश्रण सगळे आले. कास मात्र शेवटच्या दोन ओळींत, तीही औषधापुरती. कासदाह म्हटले की आपल्याला सुजलेली, तापलेली कास आणि दुधातल्या गुठळ्याच आठवतात. जास्त नुकसान करतो तो सुप्त कासदाह. गाय खाते, रवंथ करते, दूधही दिसायला चांगले. फक्त ते हळूहळू घटते आणि बोल लागतो खुराकाला.

हे गोठ्यातच ओळखता येते. ‘सीएमटी’ (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, म्हणजे कासदाहाची) चाचणी १९५७ पासून माहीत आहे. चार कप्प्यांच्या थाळीत चारही सडांचे दूध वेगवेगळे घ्यायचे, तेवढेच चाचणीचे द्रावण घालून थाळी गोल फिरवायची. निरोगी सडाचे मिश्रण पातळच राहते, बाधित सडाचे शेंबडासारखे होते (शब्दाबद्दल माफी, पण दिसते तसेच). दुधातल्या दैहिक पेशी (मुख्यतः गाईच्या पांढऱ्या रक्तपेशी) मिलिलिटरमागे २ लाखांच्या वर गेल्या की संसर्गाचा संशय घ्यायचा. चारही सडांचे दूध बादलीत एकत्र झाले की कोणता सड बिघडलाय, हे कसे कळणार?

एकच फडके सगळ्या गाईंच्या कासेवरून फिरते, तिथेच जंतूंची वाट मोकळी होते. अंगठा मुडपून धार काढल्याने सडाला आतून इजा होते, ती वेगळीच. धार संपल्यावर सडाचे तोंड अर्धा ते एक तास पुरते मिटत नाही. अनेक जण धारेच्या वेळीच सगळी वैरण टाकतात. मग पोट भरलेली गाय धार संपताच शेणामुतात बसते. सड लगेच आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत आणि ताजी वैरण धारेनंतर टाकावी, म्हणजे गाय उभी राहते.

एका सडात प्रतिजैविक सोडले तरी औषधावर दिलेल्या मुदतीपर्यंत चारही सडांचे दूध बाजूला काढायचे असते. उकळून दुधातले औषधाचे अंश पुरते जात नाहीत. अशा दुधाला विरजण लागले नाही की दोष विरजणाला देतात!

गाय आटवताना घ्यायच्या काळजीवर एखाद्या पशुवैद्यकाकडून सविस्तर लेख घ्यावा, ही विनंती. दूध बंद झाले की कासेकडे कोणी पाहत नाही, आणि आटवल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच नवा संसर्ग होण्याचा धोका मोठा असतो.

आपला,
एक दूध उत्पादक