गैरसमज कुणाचा झाला, मावशी?

मावशी, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, आणि त्याआधी जावेला विचारलं आहे. आधी विचारायचं, हे तुम्हीच शिकवलंत.

मागच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा होती. प्रार्थनाविनंत्या सुरू झाल्या आणि मी भाऊजींच्या कर्जाची सगळी हकीकत सांगून टाकली. शब्दन्‌शब्द खरा होता. जाऊ तिथे नव्हती. सगळ्यांनी डोळे मिटून कळकळीने प्रार्थना केली, आणि मी त्या दोघांचं भलंच केलं असं मला वाटलं.

त्या संध्याकाळी तुम्ही काही बोलला नाहीत. दोन दिवसांनी दुपारी, मी एकटी असताना आलात. बायबलमध्ये मत्तय 18:15 मध्ये सांगितलंय ना, दोघेच असताना चूक दाखव, तसंच. चहा अर्धा झाल्यावर म्हणालात, "तू खोटं बोलली नाहीस गं. पण ते सांगणं तुझं नव्हतं."

मी चिडले. प्रेषित पौलच म्हणतो सत्य बोला, असं तुम्हाला ऐकवलं. तुम्ही त्याच्या इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडलात. पंधराव्या वचनातल्या मूळ ग्रीक क्रियापदात नुसतं बोलणं नाही, सत्याने वागणं आहे, आणि तेही प्रीतीने, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ज्यांच्याबद्दल बोलले त्यांच्याशी मी वागले कशी, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. जावेला सांगते, थोडा गैरसमज झाला म्हणून, असं म्हटलं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "गैरसमज कुणाचा झाला?" आणि बायबलमधल्या नाथान संदेष्ट्याची आठवण करून दिलीत. दुसऱ्याची बायको घेतलेल्या दाविद राजाकडे जाऊन त्याने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, राजाला आपणहून संताप येऊ दिला. पण "तो मनुष्य तूच आहेस" हे वाक्य गाळलं नाही. माझ्याशीही तुम्ही तसंच वागलात. हळू बोललात, कमी केलं काही नाही.

मी जावेकडे गेले आणि जे केलं ते जसंच्या तसं सांगितलं. ती रडली. त्यानंतर कितीतरी महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. त्या महिन्यांसाठी तुमचे आभार सगळ्यात जास्त मानायचे आहेत. "होईल सगळं ठीक" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, कारण ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं. दर रविवारी आराधना संपली की माझ्या शेजारी येऊन बसायचात, बस.

काल जावेने हे पत्र वाचलं. दोन ओळी तिने खोडल्या. त्या इथे नाहीत.

तुमची,
रामबागेतली मुलगी